उजव्या कानातला मंत्र

झाकणकाकांचा उजवा कान नेमका कधी गेला, ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. डब्यांच्या कारखान्यात ते प्रेस मशीनवर होते. चौतीस वर्षं त्यांनी पत्र्याची झाकणं पाडली, दिवसाला हजारांनी, आणि मशीन कायम उजव्या हाताला. फोरमन कानात घालायला कापसाचे बोळे देई, काका ते खिशात घालत. "आपल्याला नाही लागत असलं काही," असं म्हणताना त्यांची छाती अशी फुगे, की जणू रोज आवाजाशी कुस्ती जिंकूनच ते घरी जात होते. कुस्ती आवाजाने जिंकली होती. निकाल तेवढा काकांना ऐकू आला नव्हता.

आता कान गेला तर गेला, माणसाने सांगून मोकळं व्हावं. पण काकांना वाटे, कानाला यंत्र लावलं की माणूस संपला, मग त्याला रस्ता ओलांडायलासुद्धा लोक हात देणार. त्यामुळे बाहेर जे ऐकू येत नसे त्याला ते मान डोलवत. घरात तर त्याहून सोपं होतं. घरात दोष बायकोचा.

"अगं, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? जरा जीभ हलवून बोल की!"

हे वाक्य काकूंनी दिवसातून चारदा ऐकलं आणि पंचवीस वर्षं ऐकलं. लग्न झालं तेव्हा काकू चांगल्या खणखणीत बोलायच्या. पण तेच तेच ऐकून त्यांनाही वाटायला लागलं, की आपलाच आवाज बसका असणार. चार माणसांत त्या बोलेनाशा झाल्या. कोणी आग्रह केलाच तर म्हणत, "माझं बोलणं कळत नाही हो कुणाला." आणि काका शेजारून म्हणत, "तेच तर मी सांगतो!" हे आठवलं की काका आजही स्वतःच्या कानशिलात मारून घेतात. उजव्या. तिथे निदान आवाज तरी येत नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांना दिवस खायला उठला. मग ते लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरणाऱ्या सत्संगाला जायला लागले, आणि काकूंनाही नेऊ लागले. सत्संग चालवत एक बाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वयाने काकांहून पंधरा वर्षांनी मोठ्या, अंगाने काटक आणि जिभेने त्याहून काटक. देवाचं नावसुद्धा त्या पाढ्यासारखं घोकून घेत. मागच्या सतरंजीवर कोणी पेंगलं तर खडू भिरकावत, आणि नेम चुकत नसे.

बाई मंत्र देत, पण त्यांचे नियम ठरलेले होते. मंत्र उजव्या कानात. एकदाच. परत विचारायचा नाही, लिहायचा नाही, मोठ्याने म्हणायचा नाही, कुणाला सांगायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी काका मंत्र घ्यायला बसले. बाई पुढे झुकल्या. काकांच्या उजव्या कानावर गरम श्वास आला, लवंगेचा वास आला. आवाज काही आला नाही. मग बाई मागे सरल्या, आणि डाव्या कानाला एक शब्द मिळाला.

"समजलं?"

मागे तीस माणसं बसलेली. काका म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. हातात एकशे आठ मण्यांची माळ, आणि म्हणायला काही नाही. झाकण तयार, डब्याचा पत्ता नाही. पहिले काही दिवस त्यांनी मण्यांवर झाकणंच मोजली. एक झाकण, दोन झाकण. पण देवापुढे बसून माल मोजणं त्यांच्या मनाला खाऊ लागलं. आणि एका सकाळी आपोआपच मनात आलं, 'देवा, ऐकू आलं नाही.' ते मण्यावर बरोबर बसलं. पुढच्या मण्यावर पुन्हा तेच. माळ पुरी झाली तेव्हा काकांना फार वर्षांनी मोकळं मोकळं वाटलं. हे वाक्य त्यांनी जन्मात कधी कुणापुढे म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी एकशे आठ वेळा, ओठांतल्या ओठांत, 'देवा, ऐकू आलं नाही.' काका जपाला बसले की काकू नळ बंद करत. भांडं वाजत नसे, कपाटाचं दार वाजत नसे. घरात आपल्या साधनेचा केवढा मान आहे, असं काकांना वाटे. वरच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यात भेटले की हसून विचारत, "काय काका, आज लवकर बसला होतात?" यांना कसं कळलं, याचं काकांना नवल वाटे. मग ते स्वतःच उत्तर काढत. साधनेचं तेज वरपर्यंत जात असेल.

हॉलमध्ये तर कमालच झाली. लोक सहसा त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसत आणि हळू आवाजात घरची दुखणी सांगत. काका समोर बघत राहत. शेजारी कोणी बोलतंय, हेच त्यांना ठाऊक नसे. लोकांना वाटे, काय हे वैराग्य! एकदा सत्संगातल्या एका टेलरने भावाशी चाललेलं भांडण अर्धा तास सांगितलं. शेवटी त्याने गुडघ्याला हात लावला तेव्हा काका दचकले आणि म्हणाले, "हं." टेलर घरी गेला आणि भावाशी समेट करून आला. पुढच्या रविवारी त्याने पायावर डोकं ठेवलं. कारखान्यातले झाकणकाका हॉलमध्ये मौनीकाका झाले. तिथले निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना कुठेही चार वाक्यं बोलल्याशिवाय चैन पडत नसे, ते सगळ्यांना दाखवत, "बघा, काकू कायम त्यांच्या डाव्या बाजूला. याला म्हणतात वामांगी. शास्त्र आहे ते!" काका मंद हसत. काकू रस्त्याने चालताना, जेवताना, बाकावर बसताना डावीकडेच का असतात, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. आपण मोठे म्हणून, हे उत्तर तयारच होतं.

तर असं छान चाललेलं असताना बाईंचा आवाज गेला. डॉक्टरांनी सांगितलं, घशाला त्रास द्यायचा नाही, बोलणं बंद. बाईंनी कपाटातून शाळेतली पाटी काढली आणि खडूने सत्संग चालू ठेवला. आणि एका रविवारी त्यांनी पाटी उचलून सगळ्यांना दाखवली. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'पुढच्या रविवारपासून मंत्र मौनीकाका देतील. माझा आवाज गेला. यांनी आपला जपून ठेवलाय.'

खोटं कशाला बोला, काकांची छाती फुगली. लोकांनी हात जोडले, पोस्टमास्तरांनी चार वाक्यांची आठ केली. काका हॉलमधून निघाले, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, आणि तिसरीवर थबकले. द्यायचा काय?

दोन दिवस त्यांनी विचार केला आणि एक तोडगा काढला. देवाला हजार नावं आहेत. त्यातलं एखादं बरं, छोटंसं निवडायचं आणि कानात सांगून टाकायचं. घेणाऱ्याने कुणाला सांगायचं नाही, म्हणजे पडताळणी होणार नाही. कारखान्यात एखादं झाकण वाकडं निघालं तर ते ढिगात खाली सरकवायची सोय होती, तशीच ही सोय. परक्या माणसाशी आपण हे बिनदिक्कत केलं असतं, असं काका आता सगळ्यांना सांगतात आणि वर चहा मागून घेतात.

पण बुधवारी संध्याकाळी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रविवारी मी बसते."

"कशाला?"

"मंत्राला. पहिली मीच. पोस्टमास्तरांना सांगून टाकलंय."

अकरा वर्षं बाई मागे लागल्या होत्या, पण काकूंनी मंत्र घेतला नव्हता. दर वेळी म्हणायच्या, मला कुठे वेळ आहे.

"आत्ताच काय सुचलं तुला?"

"तुम्ही देणार म्हणून." काकूंनी देठ बाजूला टाकला. "तुम्ही या अकरा वर्षांत निवळलात. माझ्यावर ओरडता, पण पूर्वीइतकं नाही. जे काय तुम्हाला मिळालंय, ते मला द्या."

काकांना रात्रभर झोप लागली नाही, असं म्हणायला हवं होतं, पण ते झोपले. उजवा कान वर करून झोपलं की त्यांना जगातलं काही ऐकू येत नाही. सकाळी मात्र माळ हातात घेतली तेव्हा पहिला मणीच पुढे सरकेना. परक्याला वाकडं झाकण देणं वेगळं. ही तेहतीस वर्षं आपल्याकडून काही मागत नाही, आणि मागतेय तर हे.

शनिवारी दुपारी ते बाईंच्या घरी गेले. सगळं कबूल करायचं, दुसरा कान पुढे करायचा आणि मंत्र घेऊन यायचं, असं वाटेत तीनदा पाठ केलं. बाई खिडकीपाशी पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बाई, त्या मंत्राबद्दल जरा विचारायचं होतं," काका म्हणाले.

बाईंनी लिहिलं, 'परत विचारायचा नाही.'

"नाही, म्हणजे, परत असं नाही. उच्चार. उच्चार बरोबर होतोय की नाही, तेवढंच."

बाईंनी पाटी पुसली. 'कानात म्हणून दाखव.' आणि कान पुढे केला.

बाईंचा तो सुरकुतलेला, पांढरे केस मागे सारलेला कान काकांसमोर वाट बघत होता. आत्ताच बोलायचं होतं. एवढ्यासाठीच तर आले होते. काका म्हणाले, "बाई, बाहेर चपला काढल्यात, कोणी नेईल," आणि उठले. चपला त्यांनी दाराच्या आतच काढल्या होत्या. त्या हातात घेऊन ते जिना उतरले.

रविवारी हॉल भरला होता. खालून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास वर येत होता. मधोमध दोन आसनं. एकावर काका, समोर काकू, धुतलेली निळी साडी नेसून, हात मांडीवर जुळवून. बाई खुर्चीत, पाटी मांडीवर. पोस्टमास्तरांनी हात वर केला आणि तीस माणसं गप्प झाली.

काका पुढे झुकले. काकूंचा उजवा कान त्यांच्या ओठांपाशी आला. या कानाकडे इतक्या जवळून त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. कानातलं छोटंसं फूल सैल झालं होतं. कानामागचे केस पांढरे होते, कलप तिथपर्यंत पोचला नव्हता. काकूंनी डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर असं काही वाट पाहणं होतं, की काकांनी निवडून ठेवलेलं छोटंसं नाव तसंच बाजूला राहिलं. याच कानात आपण पंचवीस वर्षं एकच मंत्र दिलाय, पुटपुटतेस, पुटपुटतेस. आता त्यावर आणखी एक खोटं ठेवायचं? काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेतच ते बोलून गेले. अगदी हळू, कुजबुजत.

"अगं, मला ऐकूच आलं नव्हतं. बाईंनी काय सांगितलं ते. या कानाने मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. किती वर्षं झाली कोण जाणे. तू पुटपुटत नव्हतीस. मी बहिरा होतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चौतीस वर्षं प्रेस मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाची कुजबुज म्हणजे पलीकडच्या मशीनवरच्या माणसाला मारलेली हाक असते. ते एकट्या त्यालाच माहीत नसतं. शेवटच्या सतरंजीपर्यंत एकूण एक शब्द पोचला. खाली इस्त्री थांबली आणि लॉन्ड्रीवाला अर्ध्या जिन्यात येऊन उभा राहिला. पोस्टमास्तरांचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून, सत्संगाच्या इतिहासात पहिल्यांदा, काही बाहेर पडलं नाही.

काकूंनी डोळे उघडले. त्यांनी काकांची हनुवटी धरली आणि सगळ्यांदेखत त्यांचं तोंड वळवलं, डावा कान समोर येईपर्यंत.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"ठाऊक? कसं?"

"रोज सकाळी एकशे आठ वेळा ओरडून सांगता. वरच्या मजल्यावरच्यांनासुद्धा ठाऊक आहे."

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. अकरा वर्षांचं तेज जिन्याने वर कसं चढत होतं, ते काकांना त्या क्षणी कळलं. त्यांना वाटलं, आसनासकट खाली लॉन्ड्रीत पडावं आणि कोणीतरी घडी घालून कपाटात ठेवून द्यावं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी हनुवटी सोडली नव्हती.

"देवाला सांगत होतात," त्या म्हणाल्या. "मला कधीतरी सांगाल, म्हणून अकरा वर्षं नळ बंद करून बसले मी."

हसू थांबलं. काकूंचा आवाज कापला होता, पण बसका नव्हता. तो शेवटच्या सतरंजीपर्यंत लख्ख गेला. काकांनी काकूंचा हात धरला, आणि हॉलमध्ये असं करतात की नाही, याची पर्वा केली नाही.

मागून टेलर उभा राहिला. "म्हणजे काका, त्या दिवशी माझ्या भावाचं सांगितलं, आणि तुम्ही हं म्हणालात, ते?"

"तेही नव्हतं ऐकू आलं," काका म्हणाले. एकदा सांगायला लागलं की सोपं असतं.

टेलरने जरा विचार केला. "बरंच झालं म्हणायचं. ऐकलं असतंत, तर सल्ला दिला असतात."

इतका वेळ बाई खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांनी पाटी वर केली. 'अकरा वर्षं! गाढव!' सगळ्यांना वाचता यावं म्हणून पाटी त्यांनी डावीकडून उजवीकडे फिरवली. मग ती पुसून लिहिलं, 'डावा कान.'

काका गुडघ्यांवर सरकत खुर्चीपाशी गेले आणि डावा कान पुढे केला. बाईंच्या गळ्यात आवाजच नव्हता. श्वास आला, लवंग आली.

"बाई, ऐकू आलं नाही," काका म्हणाले.

बाईंचे खांदे हलायला लागले. त्या आवाजाशिवाय हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी काकांना हाताने बाजूला केलं आणि काकूंना बोलावलं. काकू जवळ बसल्या. बाईंनी त्यांच्या उजव्या कानाला ओठ लावले, जरा वेळाने मागे सरल्या, आणि पाटीवर एक शब्द लिहिला.

'समजलं?'

मागे तीस माणसं बसलेली.

"नाही बाई," काकू म्हणाल्या. "अर्धाच कळला. परत सांगा."

सगळा हॉल गार पडला. परत विचारायचा नाही, हा नियम तिथे कुणी मोडला नव्हता. बाईंनी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे एक जळजळीत नजर टाकली, इतकं सोपं होतं ते, अशी. आणि पुन्हा झुकून सांगितलं. मग अजून एकदा. आता समजला, म्हणून काकूंनी मान हलवली. बाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'यापुढे काकू देतील.'

"पण बाई, माझा आवाज..." काकू म्हणाल्या, आणि मध्येच थांबल्या. त्यांचा आवाज सगळ्यांनी आत्ताच ऐकला होता.

दोघं घरी निघाले. बंद दुकानांच्या पायऱ्या, दुपारचं ऊन, एक कुत्रं सावलीत पसरलेलं. काकांचं मौनीपण लॉन्ड्रीत राहिलं होतं आणि त्यांना हलकं वाटत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मला देशील का गं तो? मंत्र?"

उत्तर आलं नाही. काकांनी डावीकडे पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा काकू त्यांच्या उजव्या हाताला चालत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

काकांच्या तोंडात जुनं वाक्य अगदी तयार होतं. त्यांनी ते गिळलं आणि ते रस्त्यातच थांबले.

"अगं, ऐकू आलं नाही. इकडून सांग."

काकू त्यांना वळसा घालून डावीकडे आल्या.

"म्हटलं, आधी यंत्र, मग मंत्र."

"हो," काका म्हणाले. या वेळी ऐकून म्हणाले.